यंत्र अंगठा बघतं, तराजू नाही

रेशन दुकानात अंगठ्याचं यंत्र आल्यापासून सुशिक्षित घरांत एक मत सिद्धान्ताच्या थाटात ऐकू येतं. यंत्राला सगेसोयरे नाहीत, ते चिरीमिरी घेत नाही, म्हणून ते आलं की चोरी गेली. शंका घेणारा एकतर जुनाट, नाहीतर दुकानदाराचा मिंधा.

हा पूर्वपक्ष अगदीच टाकाऊ नाही. सरकारच्या रुपयातले पंधरा पैसेच गरिबापर्यंत पोचतात, असं 1985 साली खुद्द पंतप्रधान राजीव गांधी म्हणाले होते. मेलेल्या माणसांच्या नावावर धान्य उचललं जाई, हे गावोगाव ठाऊक होतं. पण चोरी नेमकी कुठे होते, खोट्या नावात की खोट्या मापात, हे आधी विचारायला नको का?

झारखंडमध्ये ते विचारलं गेलं, आणि अंदाजपंचे नव्हे. कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर या अर्थशास्त्रज्ञांनी 10 जिल्ह्यांतले 132 प्रखंड, म्हणजे साधारण आपले तालुके, अभ्यासाला घेतले. आधारच्या अंगठ्याची सक्ती कुठे आधी आणि कुठे नंतर, हे सोडतीनं ठरलं. त्यामुळे ‘तिथला कलेक्टरच चांगला होता’ ही पळवाट बंद झाली. नुसत्या सक्तीनं गळती डोळ्यांत भरण्याइतकी घटली नाही, असं त्यांना आढळलं. उलट 23 टक्के लाभार्थ्यांचं आधार जोडलेलंच नव्हतं, आणि त्यांच्या पदरात पडणारं धान्य सरासरी 10 टक्क्यांनी कमी झालं.

असं का व्हावं, हे अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ आणि रितिका खेरा आधीपासून सांगत होते. यंत्र माणूस ओळखतं, तराजू बघत नाही. अंगठा घ्यायचा पाच किलोवर आणि पिशवीत ओतायचे चार किलो, याला तिकडे ‘कटौती’ म्हणतात. आपल्याकडे मापात पाप म्हणतात. यंत्रानं या पापाला छापील पावती तेवढी मिळवून दिली.

पुढे 2017 मध्ये झारखंड सरकारनं यंत्रातल्या नोंदी ताडून दुकानाकडे जी शिल्लक असायला हवी ती कोट्यातून वजा करायला सुरुवात केली. तेव्हा मात्र गळती खरोखर घटली, हे मोकळेपणानं मान्य केलं पाहिजे. पण वाचलेल्या धान्यातला पाचव्या हिश्श्याहून जास्त वाटा चोरांचा नव्हता, हक्कदारांच्या ताटातला होता. लोक चिडले आणि काही महिन्यांत ती वजावट थांबवावी लागली. चार हिस्से चोराचे, एक गरिबाचा, एवढं चालायचंच, असं म्हणणारे मला भेटले आहेत. त्यांच्यातल्या एकाच्याही घरी रेशनचा तांदूळ शिजत नाही.

‘म्हणजे तुम्ही तंत्रज्ञानाच्याच विरोधात!’ मुळीच नाही. झारखंडचा अभ्यास करणाऱ्या याच तिघांनी त्याआधी, 2010 ते 2012 या काळात, आंध्र प्रदेशात 157 मंडलांमध्ये, म्हणजे तिथल्या तालुक्यांसारख्या भागांत, बोटांच्या ठशांवर चालणारं स्मार्टकार्ड तपासलं होतं. रोजगार हमीची मजुरी आणि पेन्शन त्यावर मिळे. तिथे मजुरीतली गळती 41 टक्क्यांनी घटली, पैसे लवकर हातात आले, आणि कुणाचा हक्क बुडाल्याचं आढळलं नाही. बोटं तिथेही कष्टकऱ्यांचीच होती. फरक नियमात होता. कार्ड नसलेल्याला जुन्या पद्धतीनं पैसे मिळत राहिले. दोन वर्षांनी जेमतेम निम्मी देणी कार्डावर आली होती. अशी ढिलाई म्हणजे चोराला फट, असं कडक शिस्तीचा कैवारी म्हणेल. तरी गळती घटली ती याच ढिल्या व्यवस्थेत.

खडी फोडून, भांडी घासून बोटं झिजतात. डोंगरातल्या वाडीत रेंज नसते. यंत्र कधीतरी चुकणारच, आणि त्या चुकीची किंमत रांगेतल्या बाईनं सोसायची की सरकारनं, हे यंत्र ठरवत नाही, शासननिर्णय ठरवतो. तंत्रज्ञानानं राजकारण हद्दपार केलं असं म्हणणाऱ्यांना हा शासननिर्णय कुठून येतो ते ठाऊक नसावं.

पहारा गरिबावरच ठेवावा असंही काही नाही. तेलंगणात 2018 मध्ये रयतू बंधू या शेतकरी-मदत योजनेचे चेक वाटले गेले, तेव्हा शेतकऱ्यांना फोन करून ‘चेक मिळाला का’ असं विचारलं गेलं. सोडतीनं निवडलेल्या मंडलांतल्या कृषी अधिकाऱ्यांना आधीच कळवलं होतं की तुमचं काम या फोनवरून जोखलं जाईल. तिथे वाटप थोडं का होईना, सुधारलं, आणि खर्च नगण्य. त्यासाठी एकाही शेतकऱ्याला अंगठा टेकवावा लागला नाही.

म्हणून मागणी साधी आहे. किती अंगठे उठले याच्या शेजारी किती जण रिकामी पिशवी घेऊन परतले, हा रकाना दर महिन्याला दुकानाच्या फळ्यावर लिहिला जावा. तुमच्या वॉर्डातल्या दुकानात तो आहे का, येत्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जाऊन बघा.