उशीर यंत्राचा, दोष आपल्या डोक्याला?

भंडाऱ्यातल्या एका प्रदर्शनात मी व्हीआर हेडसेट डोळ्यांवर चढवला. समोर हातमाग. मान वळवली की माग क्षणभर मागे रेंगाळायचा. धोट्याला हात लावला की आधी धोटा हलायचा, मग हातातला कंट्रोलर थरथरायचा. पाच मिनिटांत पोटात ढवळलं. स्टॉलवरचा मुलगा हसला, "सवय नाही ना तुम्हाला!"

माझं भांडण या वाक्याशी आहे.

मान वळली की सेन्सरने ते टिपायचं, प्रोसेसरने नवं चित्र तयार करायचं, पडद्याने ते दाखवायचं. हे सगळं साधारण २० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागात उरकावं, हा या धंद्याचाच दंडक. स्पर्शाची वाट निराळी. कंट्रोलरमधल्या छोट्या मोटरला वेग घ्यायलाच वेळ लागतो. वाटा दोन, उशीरही दोन.

"एवढ्याशा फरकाने काय बिघडतं?" असं ज्याला वाटतं त्याने मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावला जावं, कोसा विणणाऱ्यांचे हात बघावेत. धाग्याचा ताण डोळ्याला दिसेपर्यंत ते थांबत नाहीत. तो हाताला कळतो, आणि हात तिथल्या तिथे सावरतो.

उशीर शरीरातही असतोच. हेल्महोल्ट्झने १८५० च्या सुमारास बेडकाच्या मज्जातंतूवर तो मोजूनही दाखवला. डोळ्याचा आणि बोटाचा निरोप मेंदूत एकाच क्षणी पोचत नाही. मेंदू थोडं सांभाळून घेतो. यंत्र विकणारे नेमके याच सांभाळून घेण्यावर विसंबतात.

पण सवय फुकट लागत नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बटण दाबल्यावर प्रकाश मुद्दाम उशिरा चमकवला. लोकांना त्याची सवय झाली. मग तो उशीर काढून टाकला, तेव्हा बटण दाबण्याआधीच प्रकाश चमकला असं त्यांना वाटू लागलं! स्वतःच्याच हाताचं आधी-नंतर उलटंपालटं झालं. उशिराच्या हेडसेटवर माग शिकलेली पोरगी उद्या खऱ्या मागावर बसली, तर तिच्या हाताचं असं होणार नाही याची हमी कोण देणार?

महागडे हेडसेट हा उशीर बराच कमी करतात, मान्य. पण तालुक्याच्या आयटीआयमध्ये कोणता येईल? बहुधा सगळ्यात कमी दराच्या टेंडरचा. आणि पोरांना चक्कर आली की म्हणणार, पोरंच कच्ची.

फ्रिजवर वीजवापराचे स्टार छापतात ना? मग हेडसेटच्या खोक्यावर दोन आकडे छापा: दिसण्याचा उशीर किती, स्पर्शाचा किती. सरकारी खरेदीत हे आकडे नसतील तर बिल मंजूर करू नका.

आणि तुम्ही? पुढच्या वेळी कुणी "सवय नाही" म्हणालं, तर मान खाली घालू नका. विचारा, "किती मिलिसेकंद?"