वडिलांचे घड्याळ आणि नवी तबकडी

घरातल्या कपाटाच्या वरच्या खणात, जुनी पासबुके आणि आटलेली शाईची पेने यांच्या सोबतीला एखादे चावीचे घड्याळ पडलेले असते. लग्नात सासऱ्यांनी दिलेले, नाहीतर पहिल्या पगारातून घेतलेले. पुष्कळदा ते एचएमटीचे 'जनता' असते. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगलोरला हा सरकारी घड्याळ कारखाना उभा राहिला आणि 'जनता', 'पायलट', 'सोना', 'कोहिनूर' ही नावे घरोघरी झाली. पुढे १९८७ पासून टायटनची सेलवर चालणारी घड्याळे आली, रोज सकाळी चावी देण्याचा रिवाज मागे पडला. जानेवारी २०१६ मध्ये एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्यास केंद्र सरकारने मंजुरी दिली.

या घड्याळांना हल्ली नवे वाली मिळाले आहेत. बँकेत, कॉलेजात नोकरी करणारी ही मंडळी रविवारी जेवणाच्या टेबलावर पांढरा कागद पसरतात, डोळ्याला भिंग लावतात आणि घड्याळ उघडून बसतात. बायकामुलांना हे खूळ वाटते. मलाही वाटत असे. मग ते मलाच लागले.

'जनता'च्या पोटात सतरा माणके असतात. कारखान्यात बनवलेली, पण चाकांचे आस न झिजता फिरावेत म्हणून बसवलेली. त्यातले तोलचाक तासाला अठरा हजार ठोके देते. म्हणजे दिवसाला ४,३२,०००. ते वर्षानुवर्षे चालते टाचणीच्या टोकावर मावेल एवढ्या तेलावर. ते तेल सुकले की घड्याळ मागे पडते, अडते आणि आपण म्हणतो, घड्याळ बिघडले. खरे तर त्याला बहुधा आंघोळ हवी असते. मात्र घरातले खोबरेल किंवा शिलाई मशीनचे तेल घालू नये. आणि अंधारात चमकणाऱ्या फार जुन्या तबकडीला तर खरवडूच नये. १९६० च्या दशकापर्यंत त्या चमकेसाठी रेडियम वापरत.

पहिल्याच खेपेला मी मुख्य स्प्रिंगचा ताण न उतरवता स्क्रू सोडवला. सर्रकन काहीतरी उडाले. सगळे घर टॉर्च घेऊन गुडघ्यांवर रांगले, तो भाग काही सापडला नाही. शेवटी नाक्यावरच्या घड्याळजींकडे गेलो. त्यांनी पत्र्याच्या डबीतून तसाच तुकडा काढून बसवला आणि एवढेच म्हणाले, "साहेब, आधी चावी उतरवायची, मग हात घालायचा. आणि पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत काम करा, उडाले तरी पिशवीतच राहते." हे मला कोणत्याही पुस्तकाने सांगितले नव्हते. असे घड्याळजी आता किती उरले आहेत?

या छंदाची दुसरी शाखा घड्याळ दुरुस्त करण्याची नाही, बदलण्याची आहे. सीकोची एनएच३५ ही स्वयंचलित यंत्रणा सुटी मिळते. तिच्यावर आवडीची तबकडी, काटे, काच बसवून हौशी मंडळी स्वतःचे घड्याळ जुळवतात. त्यात मला काही गैर वाटत नाही. उद्या कंटाळा आला तर सगळे काढून पुन्हा वेगळे जुळवता येते.

गैर सुरू होते ते निराळ्या ठिकाणी. परदेशातल्या संग्राहकांमध्ये 'मुंबई स्पेशल' असा एक शब्द रूढ आहे आणि तो कौतुकाने उच्चारला जात नाही. आत जुनी झिजलेली यंत्रणा, वर भडक रंगवलेली नवी तबकडी, तिच्यावर एखाद्या नामांकित कंपनीचे वाकडेतिकडे नाव, आणि विकताना मात्र 'अस्सल जुने घड्याळ'. आपल्या शहराचे नाव जगभर अशा मालाला चिकटावे, याची मला लाज वाटते. रंगवणाऱ्या कारागिराच्या हातात कसब असतेच. पण केलेला बदल सांगितला नाही की त्याच कसबाची फसवणूक होते.

हा प्रश्न आमच्या घरातही आला. पुतण्याचे लग्न ठरले, तेव्हा धाकट्या भावाने वडिलांचे 'जनता' काढले. तबकडी पिवळी पडलेली, सहाच्या आकड्यापाशी डाग. "मस्त नवी करून घेऊ, देताना बरी दिसेल," तो म्हणाला. तबकडी नवी करायची म्हणजे जुना रंग आणि छपाई थेट धातूपर्यंत खरवडून काढायची. हे काम उलटे फिरवता येत नाही. तो डाग वडील पावसात सायकलवरून कारखान्यात जात, तेव्हाचा. भाऊ रागावला, "देणार तरी काय, जुनेर?" दोन दिवस आमचे बोलणे बंद होते.

अखेर घड्याळजींनी यंत्र धुऊन तेल घातले, तडकलेली काच बदलली, पट्टा नवा आला. तबकडीला हात लावला नाही. दिवसाला तीनेक मिनिटे पुढे जाते. पुतण्या रोज सकाळी दाढी झाल्यावर चावी देतो आणि रेडिओच्या बातम्यांवर वेळ लावून घेतो. भावाला अजून तो डाग खटकतो.