पाणी, पानी आणि पाव

कुणी 'पानी' म्हटलं की चारचौघांत हसू फुटतं. बोलणाऱ्याची भाषा 'अशुद्ध' असा शेरा तिथल्या तिथे मारला जातो. शेरा मारणाऱ्यांनी या शब्दाची कुळकथा एकदा पाहावी. संस्कृतात मूळ शब्द 'पानीय', म्हणजे पिण्याजोगं. त्यात 'न'च आहे. महाराष्ट्री प्राकृतात 'न'चा सरसकट 'ण' झाला. व्याकरणकार वररुचीने 'प्राकृतप्रकाशा'त तसा नियमच नोंदवला आहे. म्हणजे संस्कृतच्या मापाने आपलं 'पाणी'ही बिघडलेलंच. पुढे काही बोलींनी त्या 'ण'चा पुन्हा 'न' केला. पहिला बदल शुद्ध आणि दुसरा गावंढळ, हा निवाडा लिहित्या-वाचत्या वर्गाने दिला आहे.

शब्दांच्या सोवळ्याचंही तेच. वडापावच्या गाडीसमोर उभे राहा. 'वडा' संस्कृत 'वटक'वरून आला. 'पाव' पोर्तुगीजांचा. 'बटाटा'ही त्यांच्याच गलबतातून उतरला; पण मुळात तो कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा शब्द, आणि तोही रताळ्यासाठी. चटणी तेवढी घरची, 'चाटणे'वरून. गल्ल्याची 'चावी' पोर्तुगीज, गिऱ्हाइकाचा 'पगार' पोर्तुगीज आणि 'बाजार' फारसी. यातला एकही शब्द आज कुणाला परका वाटत नाही.

नियम तरी कायमचे कुठे आहेत? 'नाहीं', 'कांहीं' यांवरचा अनुस्वार गाळला तर एकेकाळी ती चूक ठरे. 1962च्या लेखननियमांनी ते अनुस्वार काढले. आता दिले तर चूक. 'मी करीन' की 'मी करेन', हा वाद तर घरोघरी चालतो. परंपरेने व्याकरण सांगतं, सकर्मक क्रियापद असेल तर 'करीन', अकर्मक असेल तर 'बसेन'. हा भेद मला देखणा वाटतो. मी तो पाळतो आणि इतरांनीही पाळावा असं मला मनापासून वाटतं. अर्जात, बातमीत, पाठ्यपुस्तकात एकसारखं लेखन हवंच. रत्नागिरीत लिहिलेलं गोंदियात विनासायास वाचता यावं, यासाठी प्रमाणभाषा असते.

पण लेखनाचा नियम बोलणाऱ्याच्या तोंडावर फेकायचा नसतो. हिणवलेलं पोर वर्गात हळूहळू बोलायचंच थांबतं, आणि ते नुकसान कुठलीही शुद्धलेखनाची वही भरून काढत नाही. शिक्षकांना आणि पालकांना म्हणूनच कळकळीची विनंती आहे: मुलाने 'पानी' मागितलं तर आधी पाणी द्या. 'ण' नंतर वहीत शिकवा.