नकाशा उतरवून घेऊ नका, जोडून घ्या

नकाशांवर काम करणाऱ्या मंडळींत एक मत पक्कं रुजलं आहे: बाहेरचा भौगोलिक डेटा आधी आपल्या डेटाबेसात उतरवून घ्यायचा, मगच त्याला प्रश्न विचारायचे. शेपफाइल आली, टेबल करा. सुधारित फाइल आली, पुन्हा तेच करा. हे मत मला साफ अमान्य आहे: डेटा मूळ जागीच ठेवून नुसता जोडून घ्यावा.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. त्याआधी ज्याने जिल्ह्यांच्या सीमा उतरवून घेतल्या आणि पुन्हा तिकडे पाहिलं नाही, त्याच्या टेबलात जव्हार, मोखाडा, डहाणू आजही ठाण्यातच आहेत. क्वेरी बिनबोभाट चालते, आकडा येतो, आणि तो चुकीचा असतो. ‘मूळ स्रोत बंद पडला तर क्वेरीच अडेल’ हा जोडणीवरचा ठरलेला आक्षेप. अडू द्या! अडलेली क्वेरी त्याच क्षणी कळते, शिळी प्रत वर्षानुवर्षं कळत नाही.

अशा जोडणीची सोय नवी नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसात २०११ पासून, म्हणजे ९.१ या आवृत्तीपासून, फॉरेन टेबल आहे: टेबल आपल्याकडे दिसतं, ओळी मूळ जागीच राहतात. पोस्टग्रेसच्या पोस्टजीआयएस या भौगोलिक विस्ताराच्या मूळ कर्त्यांपैकी पॉल रॅमझी यांनी ओजीआर-एफडीडब्ल्यू हा विस्तार लिहून फॉरेन टेबलाला भौगोलिक फाइली वाचणाऱ्या जीडॅल लायब्ररीची जोड दिली. शेपफाइल असो, जिओपॅकेज असो की केएमएल, एकदा सर्व्हर नोंदवला की त्यातले थर टेबल म्हणून वाचता येतात.

जोडणी संथ चालते हा आक्षेप मात्र निम्मा खरा आहे. फॉरेन टेबलावर इंडेक्स बांधता येत नाही. पण अट साधी असेल, उदाहरणार्थ तालुका जव्हार किंवा अमुक चौकटीतल्या आकृती, तर ती स्रोताकडेच पाठवली जाते आणि हवं तेवढंच परत येतं. दमछाक होते ती आपल्या टेबलातल्या हजारो विहिरी बाहेरच्या गावसीमांशी ताडताना. तिथे मटेरिअलाइज्ड व्ह्यू, म्हणजे क्वेरीचं साठवलेलं उत्तर, करावा, त्यावर आकृतींसाठीचा जिस्ट इंडेक्स बांधावा, रोज रात्री रिफ्रेश करावा. ‘मग ही प्रतच झाली की!’ झाली, पण तिचं मूळ कोणतं हे तिच्या व्याख्येतच लिहिलेलं असतं आणि एका आज्ञेत ती ताजी होते. हाताने उतरवलेल्या टेबलाचं मूळ फक्त उतरवणाऱ्याच्या डोक्यात असतं, आणि त्याची बदली होते.

मराठी डेटाला तर जोडणीची गरज जास्तच आहे. शेपफाइलमध्ये कॉलमच्या नावाला दहा बाइटांची जागा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. म्हणून ‘तालुका’ तिथे ‘ताल’ होऊन बसतो. मग उतरवून घेणारा प्रत्येक जण आपापल्या मनाने नाव दुरुस्त करतो, आणि दोन कार्यालयांची टेबलं एकमेकांशी जुळत नाहीत. फॉरेन टेबलाच्या व्याख्येत मूळ नाव आणि पूर्ण नाव यांची सांगड एकदाच घालता येते, आणि ती व्याख्या दुसऱ्या कार्यालयाला जशीच्या तशी देता येते.