स्टिकर सोडा, मागची बाजू वाचा

परदेशी सिंगलवर पैसे घालण्याआधी ती उलटी करा आणि मागची बाजू शब्दन्‌शब्द वाचा. सांगायचं एवढंच आहे. पण ‘इम्पोर्ट’ असा चंदेरी स्टिकर दिसला की भल्याभल्यांचं वाचणं थांबतं आणि पाकीट उघडतं, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

सिंगल म्हणजे एका गाजणाऱ्या गाण्यासाठी काढलेली छोटी तबकडी. सोबत एखाददुसरं, फार तर तीन गाणी. आपल्याकडे या प्रकाराचा संसार फारसा फुलला नाही. एचएमव्हीच्या सात इंची ईपी घरोघरी होत्या, त्यावर चार भावगीतं किंवा सिनेमातली चार गाणी मिळत. पुढे कॅसेट आली आणि एका गाण्यासाठी वेगळी कॅसेट घ्यायची ही कल्पना कुणाच्या पचनी पडली नाही. त्यामुळे पाश्चात्त्य गाण्याची सीडी सिंगल मराठी घरात आली ती बहुतेक बाहेरूनच. काकाने लंडनहून आणलेली, नाहीतर मुंबईत काळ्या घोड्याजवळच्या ऱ्हिदम हाऊसमधून चढ्या भावाने घेतलेली. ते दुकान २०१६ साली बंद झालं, पण हौस काही संपली नाही. उलट, जुन्या रेकॉर्डी पुन्हा मानाने दिवाणखान्यात आल्यात, डिस्कॉग्ज या संकेतस्थळावरून टोकियोतला विक्रेता पुण्याच्या गिऱ्हाइकाला माल पाठवतो आणि कॉलेजातली पोरं कोरियन सिंगलसाठी खाऊचे पैसे साठवतात. हा सल्ला या सगळ्यांसाठी.

एकाच गाण्याची सिंगल दोन देशांत वेगळी का निघते? दर्जा हे कारण क्वचितच असतं. कारण असतं धंद्याचं आणि नियमांचं.

नव्वदच्या दशकातली अमेरिका घ्या. मोठ्या कंपन्यांच्या लक्षात आलं की तीन-चार डॉलरची सिंगल दुकानात ठेवली नाही, तर एका गाण्यासाठी लोक सोळा-सतरा डॉलरचा अख्खा अल्बम घेतात. मग गाणं रेडिओवर दिवसरात्र वाजायचं आणि दुकानात सिंगल मागितली की नकार. ‘नो डाउट’चं ‘डोन्ट स्पीक’ हे त्यातलं ठळक उदाहरण. रेडिओच्या यादीत ते सोळा आठवडे पहिलं होतं, पण बिलबोर्ड या नियतकालिकाच्या मुख्य ‘हॉट १००’ यादीत त्याचं नावही आलं नाही. सिंगल विक्रीला असल्याशिवाय त्या यादीत प्रवेश नाही, असा नियमच होता. तो डिसेंबर १९९८ मध्ये बदलला. त्या काळात अमेरिकन बँडच्या अमेरिकन गाण्याची सिंगल अमेरिकन माणसाला परदेशातून आलेली घ्यावी लागे. ब्रिटनमध्ये तेच गाणं १९९७ साली रीतसर सिंगल म्हणून निघालं आणि पहिल्या क्रमांकावर गेलं. म्हणजे त्या आयात सिंगलचा भाव चढला तो घरच्या कंपनीने घरचा माल दाबून ठेवला म्हणून. त्या तबकडीत खास काही होतं असं नाही. आज तिच्यासाठी चढा भाव सांगणारा विक्रेता दिसला तर एवढं आठवा.

ब्रिटनमधलं गणित उलटं होतं. तिथे सिंगल खपवायची होती, आणि आठवड्याच्या यादीत वर न्यायची होती. म्हणून एकाच गाण्याच्या दोन सीडी निघत. मुख्य गाणं दोन्हींवर तेच. सोबतची, म्हणजे ‘मागच्या बाजूची’ गाणी मात्र वेगळी. चाहत्याने दोन्ही घ्याव्यात हा सरळ हिशेब. छापील भाव साधारण चार पौंड, पण पहिल्या आठवड्यात खप वाढावा म्हणून दुकानं दोन पौंडांनाही देत. हाच माल अटलांटिक ओलांडून अमेरिकेत गेला की एकेका सीडीला दहा डॉलरच्या आसपास मोजावे लागत. दोन्ही घेतल्या की अख्ख्या अल्बमपेक्षा जास्त पैसे जायचे, आणि हाती काय? एक आधीच ऐकलेलं गाणं दोनदा आणि चार-पाच नवी.

आता ती नवी गाणी कशी होती हा खरा प्रश्न. कधी ती निव्वळ भरताड असत: एकाच गाण्याची नाचासाठी ताणलेली चार रूपं. पण कधी मुख्य गाण्याच्या तोडीस तोड. ‘ओएसिस’ या बँडचं ‘अक्वीएस’ १९९५ साली ‘सम माइट से’च्या मागे टाकलेलं होतं, ‘द मास्टरप्लॅन’ त्याच वर्षीच्या ‘वंडरवॉल’च्या मागे, आणि ‘हाफ द वर्ल्ड अवे’ १९९४च्या ‘व्हॉटेव्हर’च्या मागे. यांतलं एकही तेव्हाच्या अल्बमवर नव्हतं. त्या दिवसांत आयात सिंगलला दाम मोजणारा मूर्ख नव्हता. गाणं ऐकायचा दुसरा मार्गच नव्हता.

पण १९९८ साली ही तिन्ही गाणी ‘द मास्टरप्लॅन’ याच नावाच्या संग्रहात आली. बहुतेक नावाजलेल्या मंडळींचं असंच होतं. मागच्या बाजूची गाणी पाच-दहा वर्षांत कुठल्या तरी संग्रहात, वर्धापनदिनाच्या आवृत्तीत किंवा स्ट्रीमिंगवर येतात. ‘द स्मिथ्स’चं ‘हाऊ सून इज नाऊ?’ १९८४ साली ब्रिटनमध्ये दुसऱ्या एका सिंगलच्या मागे निघालं. त्याच वर्षी ते संग्रहात आलं आणि पुढच्या वर्षी अमेरिकन कंपनीने ते चक्क ‘मीट इज मर्डर’ या अल्बमच्या अमेरिकी आवृत्तीत घातलं. म्हणून माझं सांगणं असं: विक्रेता ‘दुर्मीळ गाणं’ म्हणाला की घाई करू नका. गाण्याचं नाव टिपून घ्या, घरी या आणि ते आज कुठे कुठे मिळतं ते शोधा. फोनवर फुकट ऐकता येणारं गाणं दोन हजारांना घ्यायचं असेल तर खुशाल घ्या, पण ती वस्तूची किंमत आहे हे माहीत असू द्या. गाण्याची नव्हे.

जपानची तऱ्हा आणखी निराळी. तिथे देशी तबकडी महाग आणि परदेशी स्वस्त. मक्तेदारीविरोधी कायद्यात १९५३ साली दिलेल्या सवलतीमुळे पुस्तकं, वर्तमानपत्रं आणि रेकॉर्डी कंपनीने ठरवलेल्या किमतीलाच विकायच्या, दुकानदाराने सूट द्यायची नाही. परदेशातून आलेल्या तबकड्यांना हे बंधन नाही. त्यामुळे एकाच दुकानात एकाच अल्बमची अमेरिकन प्रत जपानी प्रतीपेक्षा बरीच स्वस्त दिसे. मग जपानी प्रत घ्यायची कुणी? यावर तिथल्या कंपन्यांनी काढलेला तोडगा म्हणजे जादा गाणी. शिवाय शब्दांची पुस्तिका, त्यांचं जपानी भाषांतर, कुणा जाणकाराचं टिपण आणि कडेला ‘ओबी’ नावाची कागदी पट्टी. आपल्याकडे या पट्टीलाच लोक पैसे मोजतात! त्या जादा गाण्याचं बिंग मात्र ऐकून ठेवा. ब्रिटिश किंवा अमेरिकन कलावंताच्या जपानी अल्बमवरचं ‘खास’ गाणं कित्येकदा ब्रिटिश सिंगलच्या मागच्या बाजूचंच असतं. दोन्ही याद्या शेजारी ठेवून बघितल्या तर महागड्या अल्बमऐवजी जुन्या सिंगलवर काम भागतं.

जाता जाता: याच जपानने २००५ पासून, आशियातल्या इतर देशांत स्वस्तात विकण्यासाठी काढलेल्या जपानी गायकांच्या सीडी परत जपानात आणून विकायला कायद्याने आडकाठी केली. आपलाच माल बाहेरून स्वस्त येतो याची धास्ती.

आणि आपण? आपल्या देशी मालाला आपण कमी लेखतो, हे मला खुपतं. कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात बीटल्सच्या तबकड्या निघत होत्या. ब्रिटनमध्ये मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डी बंद पडल्यावरही भारतात त्यांची गाणी त्या जुन्या आकारात काढली गेली, कारण विजेविना किल्लीवर चालणारे ग्रामोफोन इथे अजून घरोघरी होते. या भारतीय ७८ आज जगभरचे बीटल्सवेडे शोधत असतात आणि त्यांच्या लेखी तो ‘इम्पोर्ट’ आहे. आजोबांच्या ट्रंकेत तसली एखादी निघाली तर रद्दीवाल्याच्या स्वाधीन करण्याआधी लेबल वाचा. भारतीय प्रत आवाजात कमीच असणार हे गृहीतही धरू नका. शेवटच्या गाण्यानंतर लेबलाभोवती जो गुळगुळीत भाग उरतो, तिथे कोरलेला क्रमांक असतो. तो ब्रिटिश प्रतीच्या क्रमांकाशी जुळला तर दोन्ही एकाच मूळ कापातून आल्या असण्याचा संभव मोठा. मग फरक उरतो तो प्लॅस्टिकचा आणि आधीच्या मालकाच्या सुईचा.

उलट, नाव तेच आणि गाणं वेगळं असंही होतं. बीटल्सच्याच ‘आय फील फाइन’च्या अमेरिकी सिंगलवर कॅपिटल कंपनीने आवाजाला घुमारा चढवला होता, ब्रिटिश सिंगलवर तो नाही. कुणाला तो घुमारा आवडतो, मला नाही. पण दोन्ही एकच समजून मागवलं आणि भलतंच आलं तर दोष कुणाला देणार? किराणा दुकानात आपण पुड्यावरचं वजन बघतो तशी गाण्यापुढची मिनिटं बघा. अल्बमवर साडेपाच मिनिटांचं गाणं सिंगलवर पावणेचार मिनिटांचं असेल, तर ते रेडिओसाठी कापलेलं आहे. आणि ‘विक्रीसाठी नाही’ असं छापलेली सीडी असेल तर ती रेडिओ केंद्रांना वाटलेली प्रत. तिच्यावर बहुधा एकच गाणं असतं, तेही कापलेलं. अशी प्रत ‘रेअर इम्पोर्ट’ म्हणून विकणारे थोडे नाहीत.

तसंच, ‘यूके इम्पोर्ट’ लिहिलेली सीडी ब्रिटनमध्येच तयार झाली असेल असं नाही. युरोपभर विकायच्या कितीतरी सीडी जर्मनीत, ऑस्ट्रियात, हॉलंडमध्ये छापल्या गेल्या. ‘मेड इन ईयू’ असेल तर ब्रिटिश म्हणून जादा पैसे देऊ नका.

आता घरात कोरियन गाण्यांचं वेड असेल त्या आईवडिलांसाठी. बीटीएस या कोरियन गटाची ‘बटर’ ही सिंगल २०२१ साली सीडीवर निघाली ती ‘पीचेस’ आणि ‘क्रीम’ अशा दोन रूपांत. दोन्हींवर गाणी तीच. वेगळं काय, तर फोटो आणि कार्डं. मूल म्हणेल, दोन्ही हवीत. त्याला रागावू नका, फक्त गाण्यांची यादी त्याच्याच तोंडून वाचून घ्या आणि मग एक निवडायला सांगा. त्याच मंडळींच्या जपानी सिंगल मागवत असाल तर जास्त सावध. तिथे ‘लिमिटेड ए’, ‘लिमिटेड बी’, ‘रेग्युलर’ अशा आवृत्त्या असतात. एकीत डीव्हीडी, दुसरीत पुस्तिका आणि कधी जादा गाणं असतं ते नेमकं सगळ्यात स्वस्त साध्या आवृत्तीत. कार्डासाठी महागडी घेतली आणि गाणंच हुकलं असं होतं. शिवाय हल्ली काही आवृत्त्यांच्या खोक्यात तबकडीच नसते. आत कोड असतो, तो फोनवर टिपायचा आणि गाणी अ‍ॅपमध्ये ऐकायची.

मागवलेली वस्तू आपल्या यंत्रावर वाजेल का, हेही आधी बघा. साधी ऑडिओ सीडी जगात कुठलीही कुठेही वाजते. डीव्हीडीचं तसं नाही: भारताचा विभाग पाच, जपान आणि ब्रिटनचा दोन, अमेरिकेचा एक. जपानमध्ये १९८८ पासून निघालेल्या सिंगल आठ सेंटिमीटरच्या, लांबट पाकिटात येत. दिसायला गोड. बाहेर येणाऱ्या ट्रेच्या मधल्या खोलगट भागात त्या नीट बसतात, पण गाडीतल्या फटीच्या प्लेअरमध्ये सरकवल्या तर आतच अडकायची भीती. अमेरिकी सात इंची रेकॉर्डीचं मधलं भोक मोठं असतं. त्यासाठी मधे बसवायची चकती लागते. ती शंभर-दोनशेची वस्तू, पण रेकॉर्ड घरी आल्यावर आठवते.

उरला भाव. परदेशी संकेतस्थळावरचा आकडा आणि इथल्या दुकानातला आकडा सरळ समोरासमोर ठेवू नका. पार्सल इथे आलं की सीमाशुल्क आणि जीएसटी लागतो, आणि तो नुसत्या तबकडीच्या किमतीवर नसतो. पाठवणावळही त्यात धरली जाते. वर कुरिअर कंपनी स्वतःचं हाताळणी शुल्क लावते ते वेगळं. हे सगळं मिळवल्यावर दादरच्या किंवा पुण्याच्या दुकानदाराचा भाव तेवढा अवाजवी दिसत नाही, कारण त्याने तो कर आधीच भरलेला असतो. शिवाय त्याच्या दुकानात उभं राहून पाकिटातून तबकडी काढून उजेडात धरता येते, ओरखडे बघता येतात, आणि ‘जरा वाजवून दाखवा’ असंही म्हणता येतं. तो नाही म्हणाला, तर घेऊ नका.