रेझ्युमे नोकरी असतानाच लिहा

इंटेल आणि एनव्हिडिया, दोन्हींची मुख्यालयं आमच्या सांता क्लारात. 2024 च्या ऑगस्टमध्ये इंटेलने सुमारे पंधरा हजार जागा कमी करणार असल्याचं जाहीर केलं, तेव्हापासून इथे मराठी माणसं भेटली की जेवणाच्या रांगेतसुद्धा एक वाक्य हमखास ऐकू येतं, "अरे, माझा रेझ्युमे जरा बघशील का?"

बघतो. आपल्या माणसाचा रेझ्युमे लगेच ओळखू येतो. काम डोंगराएवढं, पण त्यात 'मी' कुठेच नाही. सगळीकडे 'टीमने केलं', नाहीतर 'अमुक जबाबदारी होती'. दासबोधात आत्मस्तुती मूर्खलक्षणांत मोडते, आणि ते आपल्या अंगात इतकं मुरलंय की स्वतः केलेलं कामही आपण चारचौघांत वाटून टाकतो. पण इथला मॅनेजर टीमला नाही, तुम्हाला घेणार असतो. 'टेस्टिंगची जबाबदारी सांभाळली' यातून त्याला काय कळणार? 'रात्रभर चालणारी टेस्ट दोन तासांवर आणली' म्हटलं की तो पुढे विचारतो, कशी आणली? ही फुशारकी नव्हे, हिशेब आहे.

बाकी किरकोळ, पण नडणाऱ्या गोष्टी. फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, विवाहित की अविवाहित, हे सगळं काढा. वयावरून भेदभावाविरुद्ध इथे 1967 पासून कायदा आहे, कंपन्यांना ही माहिती नकोच असते. शेवटचं 'वरील माहिती सत्य आहे' आणि सहीसुद्धा नको. आकडे लाख-कोटीत नकोत, मिलियनमध्ये हवेत. पुणे विद्यापीठातले 66 टक्के म्हणजे आपल्याकडे डिस्टिंक्शन, इथल्या शाळेत तेवढ्याला 'डी' मिळते! टक्के गाळा, श्रेणी लिहा. रेझ्युमे बहुधा आधी सॉफ्टवेअर वाचतं, त्यामुळे रंगीत रकाने, तक्ते टाळलेले बरे.

खरा प्रश्न वेळेचा आहे. एच-वन-बी वर असताना नोकरी गेली तर जास्तीत जास्त 60 दिवस हातात असतात. मुक्कामाची मुदत त्याआधी संपत असेल, तर तेवढेही नाहीत. त्या अवधीत नव्या कंपनीने तुमचा अर्ज सरकारदरबारी दाखल करायला हवा. मुलाखतींच्या चार-पाच फेऱ्यांत महिना सहज निघून जातो. मुलांची शाळा, घराचं भाडं डोक्यात असताना माणूस काय धड लिहिणार? शिवाय ऑफिसचा लॅपटॉप त्याच दिवशी बंद होतो. तीन वर्षांपूर्वी नेमकं काय सुधारलं होतं, ते मग आठवता आठवत नाही. म्हणून दर तीन महिन्यांनी, नोकरी सुरळीत असताना, दोन ओळी घरच्या वहीत लिहून ठेवा. कंपनीची गुपितं अर्थातच नाहीत, आपण काय केलं एवढंच.

आणि भारतातल्या काका-मावश्यांना एक विनंती. भाच्या-पुतण्याचा बायोडेटा व्हॉट्सअॅपवर येतो, सोबत 'बघ कुठे लागतो का'. त्यावरून इथे काहीच हलत नाही. त्यालाच कंपनीच्या साइटवर जागा शोधायला सांगा. त्या जागेचा क्रमांक आणि तिला जुळणारा एक पानी रेझ्युमे पाठवलात, तर त्या कंपनीत ओळखीचं कुणी असल्यास त्याच संध्याकाळी त्याच्याकडे शब्द टाकता येतो.