४५ हजारांचा लॅपटॉप की दीड लाखाचा? रॅम महागली आणि बुलढाण्यातल्या पालकांचं गणित बदललं

इंजिनिअरिंगच्या कॅपच्या फेऱ्या संपल्या, कॉलेज पक्कं झालं की घरात पुढचा विषय निघतो तो लॅपटॉपचा. कॉलेज शेगावचं श्री संत गजानन महाराज इंजिनिअरिंग असो, चिखलीचं अनुराधा असो की मलकापूरचं कोलते, संवाद साधारण सारखाच असतो. पोरगं म्हणतं, "सीनियरनं सांगितलंय, ग्राफिक्स कार्डवालाच घे." दुकानदार म्हणतो, "भाऊ, सध्या हा साधा न्या, पुढं लागली तर रॅम वाढवून देऊ." आणि वडील मनातल्या मनात क्विंटल मोजत असतात.

ते क्विंटल आपणही मोजून पाहू. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये होता. ४५ हजारांचा लॅपटॉप म्हणजे साधारण साडेआठ क्विंटल सोयाबीन. दीड लाखाचा वर्कस्टेशन लॅपटॉप म्हणजे २८ क्विंटल. एकरी सात क्विंटलचा उतारा धरला तर चार एकरांचं अख्खं पीक एका बॅगेत जातं. बियाणं, फवारणी, मजुरी यातून वजा केलेली नाही आणि हमीभावही खरोखर मिळाला असं धरलंय. बाजार समितीत तो किती वेळा मिळतो, हे खामगावला माल घेऊन गेलेल्यांना सांगायची गरज नाही.

त्यात एक नवी गोष्ट आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. लॅपटॉप या माफीत येत नाही. म्हणजे आता अनेक घरांत मुलीच्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षातला सर्वात मोठा एकरकमी खर्च लॅपटॉपचाच असू शकतो. तो चुकला तर चार वर्षं पुरतं.

'नंतर रॅम वाढवू' हा सल्ला आता का चालत नाही?

गेली दहा-बारा वर्षं हा सल्ला अगदी बरोबर होता. आठ जीबी रॅमचा स्वस्त लॅपटॉप घ्यायचा, तिसऱ्या वर्षाला दोन-अडीच हजारांची आणखी एक पट्टी टाकायची, काम भागायचं. मेमरी वर्षागणिक स्वस्त होत जाते, हे त्यामागचं गृहीतक. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत ते उलटं पडलं. डीडीआर५ रॅमचे किरकोळ भाव काही महिन्यांतच दुपटीच्या पुढे गेले.

कारण एआय. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. चॅटजीपीटीसारख्या सेवा चालवणाऱ्या डेटा सेंटरना एचबीएम नावाची वेगळी, प्रचंड वेगवान मेमरी लागते. तेवढ्याच क्षमतेची एचबीएम बनवायला साध्या रॅमच्या साधारण तिप्पट सिलिकॉन खर्ची पडतं, आणि तिच्यात नफा जास्त. कारखाने तेच, चकत्या तेवढ्याच. मग कंपन्यांनी माल कुणीकडे वळवला असेल? डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉननं तर 'क्रुशियल' या ब्रँडखालचा ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करत असल्याचं जाहीर केलं. लॅपटॉपची रॅम वाढवायची म्हटलं की ज्या मोजक्या नावांची पाकिटं दुकानदार पुढे ठेवायचा, त्यातलं हे एक नाव.

नवा मेमरी कारखाना उभा राहायला काही वर्षं लागतात. त्यामुळे 'दिवाळीत स्वस्त होईल' अशा आशेवर बसण्यात अर्थ दिसत नाही.

दुसरी अडचण लॅपटॉपच्या पोटात आहे. पातळ, हलक्या लॅपटॉपमध्ये रॅम आता बऱ्याचदा मदरबोर्डवरच डाखलेली असते. तिथं पट्टी बदलायचा प्रश्नच येत नाही. आठ जीबी घेतली तर शेवटपर्यंत आठच. म्हणून दुकानात पहिला प्रश्न 'प्रोसेसर आय फाइव्ह आहे का' हा न विचारता 'रॅमचा स्लॉट मोकळा आहे का, की सगळी सोल्डर केलेली आहे' हा विचारायला हवा. उत्तर नक्की मिळत नसेल तर मॉडेल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून तपशील पाहता येतो.

वर्कस्टेशन म्हणजे नेमकं काय?

महाग लॅपटॉप म्हणजे वर्कस्टेशन, असा अनेकांचा समज असतो. एचपीची झेडबुक, लेनोव्होची थिंकपॅड पी मालिका, डेलची प्रिसिजन (२०२५ मध्ये डेलनं हे नाव बदलून 'प्रो मॅक्स' केलं होतं) ही खरी वर्कस्टेशनं. वेगवान प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड तर गेमिंग लॅपटॉपमध्येही असतं. वर्कस्टेशनमध्ये जास्तीचे पैसे जातात ते इतर गोष्टींसाठी: सॉलिडवर्क्स, अन्सिस, रेव्हिट यांसारख्या सॉफ्टवेअरच्या कंपन्यांनी त्या मशिनची चाचणी करून दिलेलं प्रमाणपत्र, व्यावसायिक ग्राफिक्स कार्डाचे स्थिर ड्रायव्हर, ६४ जीबी किंवा त्याहून पुढे रॅम टाकायची सोय, बहुतेक वेळा तीन वर्षांची वॉरंटी. एखाद्या कंपनीत डिझायनरचं मशिन अर्धा दिवस बंद पडलं तर होणारं नुकसान लॅपटॉपच्या किमतीपेक्षा मोठं असतं. त्या भीतीवरचा हा विमा आहे. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला तो विमा लागत नाही.

कर बघितला तरी हे धंद्याचंच यंत्र आहे. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, मोठे टीव्ही २८ टक्क्यांवरून १८ वर आले. लॅपटॉप मात्र आधीही १८ टक्क्यांत होता, आजही तिथंच आहे. दीड लाखाच्या पावतीत जवळपास २३ हजार रुपये कर असतो. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यावसायिक डिझायनरला तो इनपुट क्रेडिट म्हणून वळता करून घेता येतो, वर आयकरात ४० टक्के दरानं घसारा दाखवता येतो. विद्यार्थ्याच्या वडिलांना यातलं काहीच मिळत नाही.

कोणत्या शाखेला किती ताकद लागते?

कॉम्प्युटर आणि आयटीच्या मुलांना सर्वात जास्त ताकद लागते, हा गैरसमज गावोगाव आहे. पहिल्या दोन वर्षांतलं सी, पायथन, जावा, डेटाबेस हे सगळं साध्या लॅपटॉपवर आरामात चालतं. पुढे अँड्रॉइड स्टुडिओ किंवा व्हर्च्युअल मशिन आलं की आठ जीबी रॅम धापा टाकते, १६ जीबीवर काम निभतं. मशीन लर्निंगचा प्रोजेक्ट असेल तर एनव्हिडियाचं कार्ड उपयोगी खरं, पण गुगल कोलॅब आणि कॅगलवर तसं कार्ड ठरावीक तासांपुरतं फुकट वापरायला मिळतं. सहा महिन्यांच्या प्रोजेक्टसाठी लाखभर जास्त मोजण्याआधी ते वापरून पाहावं. त्याला चांगलं नेट लागतं, ही अडचण मात्र लोणार-सिंदखेडराजा पट्ट्यातल्या खेड्यांतून कॉलेज करणाऱ्यांना खरी आहे. लॅबमध्ये बसूनच ते काम उरकावं लागेल.

खरी ओढाताण मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या मुलांची होते. ऑटोकॅड किमान आठ जीबीवर चालतं, पण रेव्हिट आणि सॉलिडवर्क्स या दोन्हींना १६ जीबी ही सुरुवात आहे. ही सॉफ्टवेअर त्यांना विद्यार्थी म्हणून स्वस्तात किंवा फुकट मिळू शकतात. ऑटोडेस्क आपली शैक्षणिक आवृत्ती विद्यार्थ्यांना एकेक वर्षासाठी मोफत देते, अन्सिसचीही विद्यार्थी आवृत्ती आहे. पण अन्सिसच्या या आवृत्तीत मॉडेल किती मोठं असावं याला मर्यादा आहे. म्हणजे वर्कस्टेशनचा दम लागेल एवढं मोठं मॉडेल त्यात मुळात सोडवताच येत नाही! हा मुद्दा सीनियर सांगत नाहीत.

या मुलांसाठी मधली वाट म्हणजे एनव्हिडियाचं साधं कार्ड असलेला गेमिंग लॅपटॉप. सॉलिडवर्क्सच्या प्रमाणित यादीत तो नसेल, एखादं दृश्य फीचर चालणार नाही, पण कॉलेजची असेंब्ली उघडेल आणि फिरेल. 'गेमिंग' शब्द ऐकून वडील बिचकतात, ते समजण्यासारखं आहे.

उरला प्रश्न 'एआय लॅपटॉप'चा. दुकानात या स्टिकरवर पाच-दहा हजार जास्त सांगितले जातात. त्यातली एनपीयू ही चिप व्हिडिओ कॉलमधली पार्श्वभूमी धूसर करणं, आवाज स्वच्छ करणं अशी कामं कमी बॅटरीत करते. सॉलिडवर्क्सला तिचा उपयोग नाही. एक गोष्ट मात्र तिच्यामुळे चांगली झाली: मायक्रोसॉफ्टनं 'कोपायलट प्लस' या नावासाठी किमान १६ जीबी रॅमची अट घातली. स्टिकर त्या नावाचं असेल तर रॅम तरी पुरेशी असते.

मे महिना, ४३ अंश आणि लॅपटॉपचा पंखा

जाहिरातीत न येणारी एक ओळ बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात असते: वापरण्यासाठी भोवतालचं कमाल तापमान ३५ अंश. बुलढाणा शहर घाटावर आहे, तिथं जरा बरं. पण घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगावात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढेच असतो, आणि प्रोजेक्ट सबमिशनही नेमकं त्याच दिवसांत येतं. साध्या लॅपटॉपचा प्रोसेसर १५ वॅटच्या आसपास उष्णता बाहेर टाकतो. वर्कस्टेशनचा एकटा प्रोसेसरच ४५ वॅट किंवा त्याहून जास्त, ग्राफिक्स कार्ड वेगळं. खोली तापलेली असेल तर मशिन स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतं. दीड लाख ज्या वेगासाठी दिले तो वेग पत्र्याच्या खोलीत, दुपारी दोन वाजता मिळत नाही. कूलर असलेली खोली आणि रात्रीची वेळ असेल तर मिळतो.

लाइट गेली की फरक आणखी जाणवतो. वर्कस्टेशनचा चार्जर १३० ते २३० वॅटचा असतो, साध्या लॅपटॉपचा ४५ ते ६५ वॅटचा. घरचा इन्व्हर्टर दोन्ही ओढेल, पण पंखे-दिव्यांसोबत किती तास, हा हिशेब वेगळा. शिवाय चार्जरसकट तीन किलोंची बॅग रोज एसटीत उभ्यानं सांभाळायची आहे.

जुनं वर्कस्टेशन स्वस्तात मिळतंय?

मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी लॅपटॉप बदलतात. त्यातली जुनी झेडबुक आणि प्रिसिजन मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर, दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये आणि तिथून इन्स्टाग्रामच्या रील्सवर येतात. ३५-४० हजारांत ३२ जीबी रॅम! आजच्या रॅमच्या भावात हा सौदा खरंच चांगला असू शकतो. फसायची जागा एकच मोठी आहे. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरवरच चालतं. सहाव्या-सातव्या पिढीची दणकट मशिनं त्यामुळे एकदम स्वस्त झाली आणि तीच 'आय सेव्हन, वर्कस्टेशन' म्हणून खपवली जातात. प्रोसेसरच्या नावात आय सेव्हननंतर येणारा आकडा ८ किंवा त्यापुढच्या पिढीचा आहे का, बायोसला जुन्या कंपनीचा पासवर्ड तर नाही ना, बॅटरी किती उरली, हे पैसे देण्याआधी समोर चालू करून पाहायचं. कुरिअरनं मागवलेल्या मशिनमध्ये ते पाहता येत नाही.

नवा घेत असाल तर 'ऑनसाइट वॉरंटी' हा शब्दही तपासून घ्यावा लागतो. ती पिनकोडवर अवलंबून असते. लोणार किंवा संग्रामपूरच्या पत्त्यावर माणूस घरी येणार, की मशिन घेऊन अकोला किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावं लागणार, हे कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर पिनकोड सांगून खरेदीआधीच विचारता येतं.

हे सगळं धरलं तर बहुतेक घरांसाठी उत्तर मधलं निघतं: १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी, शक्यतो एक मोकळा स्लॉट, आणि मेकॅनिकल-सिव्हिल असेल तर साधं ग्राफिक्स कार्ड. आठ जीबीच्या स्वस्त मॉडेलपेक्षा आठ-दहा हजार आज जास्त जातील, पण तेच पैसे तिसऱ्या वर्षाला रॅमच्या पट्टीत घालायची वेळ आली तर ती कदाचित मिळेल, कदाचित त्या मॉडेलला लागणारही नाही. शिकता शिकता कुणी बांधकामाच्या थ्रीडी डिझाइनची किंवा व्हिडिओ एडिटिंगची पैसे मिळणारी कामं घेऊ लागलं असेल, तर त्याच्यासाठी वर्कस्टेशनचा विचार रास्त आहे. तेव्हा ते यंत्र स्वतःचा हप्ता स्वतः फेडू शकतं.

हप्त्यावरून एक. दुकानातल्या 'झिरो कॉस्ट ईएमआय'कडे वळण्याआधी शैक्षणिक कर्जाचा अर्ज करणाऱ्यांनी बँकेत विचारून घ्यावं. इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत अभ्यासक्रमासाठी गरजेच्या संगणकाचा वाजवी खर्च धरता येतो. त्यासाठी लॅपटॉपचं कोटेशन कर्ज मंजूर होण्याआधी जोडावं लागतं, म्हणून खरेदी आधी आणि बँक नंतर असा क्रम ठेवला तर ही सोय हातची जाऊ शकते.